मैदान घरात आलं तो शनिवार

 

आज एका शनिवारची गोष्ट सांगायची आहे. तारीख २२ जानेवारी १९२७, गाव लंडन. एवढ्या लांबचं आणि एवढं जुनं आपल्याला कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. पण आज आपण ज्या माइकपुढे बसून बोलतो, त्याच्यापुढे कसं बोलायचं हे त्या दिवसांत ठरत होतं. कुणी काय बोलायचं आणि कुणी बोलायचं नाही, हेही तेव्हाच ठरत होतं. म्हणून ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

आधी तेव्हाचा रेडिओ कसा होता ते बघू. इंग्लंडमध्ये बीबीसीचं रोजचं प्रसारण १४ नोव्हेंबर १९२२ ला सुरू झालं. लोकांना हे इतकं आवडलं की चार वर्षांत रेडिओचा परवाना काढलेली घरं वीस लाखांच्या वर गेली. परवान्याची फी वर्षाला दहा शिलिंग होती. आपल्याकडेही पुढे असा परवाना होता. पोस्टात जाऊन रेडिओची फी भरलेली तुमच्यातल्या काही आजींना आठवत असेल.

गरिबाघरचा रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला वीज लागायची नाही, बॅटरीही लागायची नाही. अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी एक लांब तार बांधायची. घरात एक लहानसा चमकदार खडा असायचा. त्या खड्यावर बारीक तारेचं टोक टेकवून आवाज नेमका कुठे लागतो ती जागा शोधायची. जागा सापडली की कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये बारीक आवाज यायचा. दाराशी कुणी धाडकन आपटलं की तार हलली आणि आवाज गेला! मग पुन्हा शोधा.

हेडफोन एक आणि घरात माणसं सहा. मग एक कान नवऱ्याचा, एक बायकोचा, असं वाटून ऐकायचे. नाहीतर हेडफोन चिनी मातीच्या मोठ्या वाडग्यात ठेवायचे आणि सगळ्यांनी भोवती डोकी जोडून बसायचं. वाडग्यामुळे आवाज जरा मोठा व्हायचा. आपण मोबाइल स्टीलच्या पेल्यात ठेवून गाणं ऐकतो ना, तीच युक्ती. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या बाईला ती स्वयंपाकघरातच सापडली होती.

आता खेळाकडे येऊ. त्या शनिवारी दुपारी लंडनच्या हायबरी मैदानावर आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड या दोन संघांचा फुटबॉलचा सामना होता. तो सामना चालू असतानाच रेडिओवरून सांगितला गेला. बीबीसीवर फुटबॉलचं असं धावतं वर्णन पहिल्यांदाच होत होतं.

बीबीसी चार वर्षं चालू होती, मग सामना सांगायला इतका उशीर का लागला? कारण वर्तमानपत्रवाले घाबरले होते. सामना रेडिओवर ऐकला तर दुसऱ्या दिवशी पेपर कोण घेणार? म्हणून बीबीसीवर बंधनं होती. संध्याकाळी सातच्या आधी बातम्या द्यायच्या नाहीत, आणि खेळ चालू असताना त्याचं वर्णन करायचं नाही. १९२६ साली डर्बीची घोड्यांची शर्यत होती. तेव्हा तोडगा असा काढला की नुसता आवाज ऐकवायचा. घोड्यांच्या टापा आणि लोकांचा आरडाओरडा ऐकवायचा, पण सांगणारं कुणी नसायचं. नेमका त्या दिवशी पाऊस पडला. चिखलात टापा वाजल्या नाहीत, लोक छत्र्यांखाली गप्प उभे राहिले. घरी ऐकणाऱ्याला काय कळणार? कोण पुढे, कोण मागे, काहीच नाही.

त्यातून एक गोष्ट कळली. नुसता आवाज पोचवून भागत नाही. जो तिथे नाही, त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

१ जानेवारी १९२७ ला बीबीसी खासगी कंपनी राहिली नाही. ती सार्वजनिक संस्था झाली आणि सामन्यांचं वर्णन करायची परवानगी तिला मिळाली. मग दोनच आठवड्यांनी, १५ जानेवारीला, इंग्लंड आणि वेल्स यांच्यातला रग्बीचा सामना ट्विकनहॅमच्या मैदानावरून सांगायचं ठरलं. रग्बी म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा, अंगावर झेप घेऊन अडवायचा असा दांडगा खेळ. सांगायला माणूस निवडला टेडी वेकलम. तो स्वतः रग्बी खेळलेला होता, पण असलं बोलायची त्याला सवय नव्हती. असणार कशी? त्या देशात ते काम त्याच्याआधी कुणी केलंच नव्हतं.

कार्यक्रमाची जबाबदारी लान्स सिव्हकिंग नावाच्या माणसावर होती. वेकलम समोर काय बघून बोलणार, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. माइक म्हणजे एक डबा. डब्याशी कुणी कसं बोलेल? सिव्हकिंगने एक साधी गोष्ट केली. लंडनमध्ये सेंट डनस्टन्स ही पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांची संस्था होती. तिथल्या एका दृष्टिहीन माणसाला त्याने मैदानावर आणलं आणि वेकलमच्या खोपटाच्या खिडकीबाहेर बसवलं. वेकलमला सांगितलं, या माणसाला सामना सांगायचा. बस. आणि समोर एक पाटी लावली: शिव्या द्यायच्या नाहीत.

मैत्रिणींनो, मला या सगळ्या गोष्टीत ही खिडकी फार महत्त्वाची वाटते. पुढे लाखो लोक ऐकणार होते, पण वेकलम लाखोंशी बोलला नाही. तो एका माणसाशी बोलला, ज्याला दिसत नव्हतं. चेंडू कुठे आहे, कुणाच्या हातात आहे, कोण धावत येतंय, पाऊस आहे की ऊन आहे, हे सगळं त्याला सांगावंच लागलं. घरी बसलेल्या लाखोंनाही त्याच गोष्टी हव्या होत्या. कारण रेडिओपुढे आपण सगळेच न दिसणारे असतो.

बरोबर एका आठवड्याने फुटबॉलचा तो शनिवार आला. घरच्यांसाठी आणखी एक सोय होती. बीबीसीच्या ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकात मैदानाचा नकाशा छापला होता. मैदानाचे आठ चौकोन पाडले होते आणि प्रत्येकाला आकडा दिला होता. वेकलम खेळ सांगायचा आणि दुसरा एक माणूस मधूनमधून फक्त आकडा म्हणायचा. चार. पाच. सात. घरात टेबलावर नकाशा पसरलेला. आकडा आला की बोट त्या घरावर सरकवायचं. आपण सारीपाट खेळताना सोंगटी सरकवतो तसं. चेंडू शेवटच्या घरात गेला म्हणजे आता गोल होणार, हे लहान पोरालाही कळायचं.

आर्सेनलकडून चार्ली बुकनने गोल केला. शेफील्डच्या बिली गिलेस्पीने बरोबरी केली. सामना १-१ असा सुटला. हारजीत झाली नाही, पण मैदान घरात आलं. तिकिटाला पैसे नसलेला, अंथरुणाला खिळलेला, तान्हं मूल सोडून जाता न येणारी, अशा सगळ्यांना त्या दुपारी गोल झालेला त्याच क्षणी कळला.

खेळ संपला तरी रेडिओचा शनिवार संपत नसे. तेव्हाच्या दिवसाची घडी साधारण अशी असायची: संध्याकाळी मुलांचा तास, मग बातम्या, रात्री गाणंबजावणं, नकला, विनोद. सगळ्यात शेवटी लंडनच्या सॅव्हॉय नावाच्या बड्या हॉटेलातल्या वाद्यवृंदाचं नाचाचं संगीत. हॉटेलात पाऊल टाकायची ऐपत नसलेली माणसं घरात टेबल बाजूला सरकवून त्या तालावर नाचायची.

संगीताचंही तसंच झालं. ८ जानेवारी १९२३ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहातून मोझार्टचं ‘द मॅजिक फ्लूट’ हे संगीत नाटक थेट ऐकवलं गेलं. तिथली तिकिटं श्रीमंतांनी घ्यायची. पण आता तेच गाणं खाणकामगाराच्या घरातही पोचू लागलं.

आणि एक काम तर एका बाईच्या हट्टामुळे झालं. बिआट्रिस हॅरिसन ही सेलो वाजवायची. सेलो म्हणजे मांडीपुढे उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य. रात्री ती घरच्या बागेत वाजवायला बसायची आणि झाडीतले नाइटिंगेल पक्षी गायचे. हे लोकांना ऐकवा, म्हणून ती बीबीसीच्या प्रमुखांच्या मागे लागली. प्रमुख आधी तयार नव्हते. खर्च फार, आणि ऐनवेळी पाखरू गप्प बसलं तर? शेवटी त्यांनी होकार दिला. १९ मे १९२४ च्या रात्री तिच्या बागेत माइक मांडला गेला. लोकांना तो प्रयोग इतका आवडला की पुढे कित्येक वर्षं मे महिन्यात तो होत राहिला.

विनोद करणाऱ्यांची मात्र पंचाईत होती. नाटकमंडळ्यांचे मालक आपल्या नटांना रेडिओवर सोडायला राजी नव्हते. घरबसल्या फुकट हसायला मिळालं तर नाट्यगृहात कोण येईल, ही त्यांची भीती. आणि जे नट आले, त्यांना समोर हसणारं कुणी दिसेना. तमाशातला सोंगाड्या समोरच्या हशावर पुढचं वाक्य टाकतो. इथे भिंतीशी बोलायचं! रंगीत कपडे, तोंड वेडंवाकडं करणं, पडणं, धडपडणं, सगळं फुकट. फक्त आवाज उरला.

हे कोडं सोडवलं त्यात एक बाई होती, मेबल कॉन्स्टँड्युरॉस. तिने बगिन्स नावाचं एक गरीब, भांडखोर, मजेदार कुटुंब उभं केलं. लिहायची ती आणि त्यातल्या बऱ्याच माणसांचे आवाजही तीच काढायची. त्यातली कटकटी म्हातारी आजी तर लोकांची फार लाडकी झाली. चहाची किटली, पोरांचं रडणं, सासूचे टोमणे, यातूनच हसू काढायचं. हे कुटुंब पुढे वीस वर्षांच्या आसपास चाललं. आपल्या मुंबई आकाशवाणीवरचं ‘पुन्हा प्रपंच’ आठवतंय का? टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत? घरातल्या बोलण्यावर सगळा महाराष्ट्र हसायचा. जात एकच. घरातलं बोलणं रेडिओला मानवतं, कारण रेडिओ घरातच ऐकला जातो.

म्हणजे बाई गाऊ शकत होती, वाजवू शकत होती, हसवू शकत होती. मग आता अडचणीची गोष्ट सांगते.

१९३३ च्या जुलैमध्ये बीबीसीने शीला बोरेट या बाईंना निवेदक म्हणून बसवलं. कार्यक्रमांची माहिती द्यायची, वेळ सांगायची, बातम्या वाचायच्या. तीनच महिन्यांत त्यांना त्या जागेवरून हटवलं. का? हजारो तक्रारी आल्या. आणि त्यातल्या बऱ्याच बायकांनी लिहिलेल्या होत्या, असं सांगतात.

आपण लगेच नाक मुरडू नये. ग्रामसभेत पहिल्यांदा एखादी बाई उभी राहते, तेव्हा ‘ही कोण शहाणी?’ असं मागच्या ओळीतून कुजबुजतं कोण? बऱ्याचदा आपणच. कानाला ज्या आवाजाची सवय नाही, तो आवाज खुपतो. बाईने गाणं म्हटलं तर कानाला गोड लागतं, तिने माहिती सांगितली तर ‘हिला काय कळतं’ असं होतं. सवय लागायला रोज ऐकू यावं लागतं, आणि रोज ऐकू येण्याआधीच हटवलं तर सवय लागणार कधी?

आता आपल्या मुलखात येऊ. इंग्लंडमधल्या त्या शनिवारनंतर सहाच महिन्यांनी, २३ जुलै १९२७ ला, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. केंद्राचा आवाज तीस मैलांच्या आसपास नीट पोचायचा. परवाना वर्षाला दहा रुपये. त्या काळात दहा रुपये म्हणजे गरिबाला न झेपणारी रक्कम, आणि यंत्राची किंमत वेगळीच. पहिल्या वर्षाअखेर साऱ्या देशात साडेतीन हजारांच्या आसपास परवाने निघाले. इंग्लंडात वीस लाख, इथे साडेतीन हजार! कंपनी तीन वर्षंही टिकली नाही. मार्च १९३० मध्ये ती बंद पडली आणि एप्रिलपासून सरकारने केंद्रं चालवायला घेतली. १९३१ मध्ये सरकारही ती बंद करायला निघालं होतं. लोकांनी गलका केला, तेव्हा रेडिओ वाचला. ८ जून १९३६ ला त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं.

आपल्याकडे मैदान घरात आणलं ते क्रिकेटने. मुंबईतले सामने बॉबी तल्यारखान १९३० च्या दशकापासून इंग्रजीत सांगायचे. दिवसभर एकटेच बोलायचे. पुढे बाळ ज. पंडित यांनी मराठीतून क्रिकेट सांगितलं, तेव्हा इंग्रजी न येणाऱ्या घरांतही सामना समजू लागला. आणि १९७७ साली इंदूरच्या मैदानावर मुंबई आणि इंग्लंडचा एमसीसी यांच्यातला सामना सांगायला चंद्रा नायडू बसल्या. आपल्या पहिल्या कसोटी कर्णधारांची, सी. के. नायडूंची ती मुलगी. भारतातली पहिली महिला क्रिकेट समालोचक. बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर ‘मॅच ऑफ द डे’ या फुटबॉलच्या प्रसिद्ध कार्यक्रमात पहिल्या बाईने सामना सांगितला तो २००७ साली. म्हणजे आपण तीस वर्षं आधी. हे पोरींना सांगायला विसरू नका.

पण आपल्या हातात माइक आला कसा? त्यातही खेळच आहे.

१९९३ मध्ये कोलकात्याच्या क्रिकेट संघटनेने हीरो कप ही स्पर्धा भरवली. सामने दाखवायचे कुणी, यावरून संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्या महाराष्ट्रातले. न्यायालयाने म्हटलं की आवाज आणि चित्रं वाहून नेणाऱ्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती एकट्या सरकारची नाही आणि एकट्या पैसेवाल्याचीही नाही. गावचा पाणवठा जसा सगळ्यांचा, तशी ही हवेतली वाट सगळ्यांची.

त्या निकालाचा आधार घेऊन लोकांनी सामुदायिक रेडिओची मागणी लावून धरली. आधी शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांनाही मिळाली. १५ ऑक्टोबर २००८ ला आताच्या तेलंगणातल्या माचनूर गावात संघम रेडिओ सुरू झाला. तो चालवतात दलित शेतकरी बायका. बियाणं, कडधान्यं, औषधी पाला, जुनी गाणी, सगळं त्यांच्याच बोलीत. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. क्रिकेटच्या भांडणातून निघालेली वाट अशी बायांच्या दारापर्यंत आली.

दार उघडलं आहे, पण आत जाऊन बसायचं काम आपलं आहे. आजही गावोगावी गट रेडिओवर आला की पुढे केली जाते ती गाणारी बाई. ओवी म्हण, भारूड म्हण. म्हणावंच, ते आपलं धन आहे. पण जत्रेतली कुस्ती कोण सांगतं? शाळेतल्या कबड्डीच्या सामन्याचा माइक कुणाच्या हातात असतो? पाणीपुरवठ्याची माहिती, रेशनची तारीख, ग्रामसभेत काय ठरलं, हे कुणाच्या तोंडून ऐकू येतं? शीला बोरेटची जागा अजून बऱ्याच गावांत रिकामी आहे.

म्हणून गटासाठी एक काम देते. पुढच्या महिन्यात शाळेत मुलींची कबड्डी असेल, तेव्हा एकीने मैदानाकडे तोंड करून बसायचं. शेजारी अशा एका आजीला बसवायचं, जिला दिसत नाही किंवा कमी दिसतं. माइक नसला तरी चालेल, मोबाइलवर आवाज भरून घ्या. आजीला सामना सांगा. मैदान कसं आहे, कुठल्या गावच्या पोरी आहेत, चढाई कुणाची, कोण बाद झालं, गुण किती. मधेच येणाऱ्याला कळावं म्हणून गुण पुन्हा पुन्हा सांगायचे. अमेरिकेत रेड बार्बर नावाचे बेसबॉल सांगणारे प्रसिद्ध समालोचक होते. ते अंडी उकडताना वेळ मोजायचं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ समोर ठेवायचे. वाळू सरली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटं करायचं. आपल्याला घड्याळ नको, पण सवय तीच हवी.

मग आजीला विचारा, काय कळलं आणि काय नाही. जे तिला कळलं नाही, ते रेडिओ ऐकणाऱ्या कुणालाच कळलं नसतं.

एवढं जमलं की ग्रामसभाही सांगता येईल. जी बाई कामामुळे, आजारामुळे, घरच्या धाकामुळे सभेला येऊ शकली नाही, तिला सांगायची. कोण बोललं, काय मंजूर झालं, पैसा किती, कुणाचा प्रश्न टाळला गेला. तिथे नसलेल्या माणसाला डोळे देणं, हेच रेडिओचं काम. आपण बाया तर हे रोज करतो. विहिरीवर, दळणाच्या गिरणीत, माहेरच्या फोनवर. वेकलमला ज्यासाठी खिडकीत माणूस बसवावा लागला, ते आपल्याला बोलता बोलता येतं.

कबड्डीचं भरलेलं वर्णन आमच्याकडे पाठवा. बोली तुमचीच राहू द्या, ती कुठेही बदलू नका. आम्ही ते लावू, आणि बाईचा आवाज रोज ऐकायची सवय गावाच्या कानाला लागू द्या.

येते मी. नमस्कार.